वर न केलेली मूठ

माझी उंची पाच फूट अकरा इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे हॉस्पिटलची कॉट वारंवार येणार आहे आणि ती मला एकदाही पुरली नाही. पावलं कायम बाहेर लोंबत. ज्या आजारानं मला त्या कॉटवर पाडलं तोही पावलांपासूनच सुरू झाला.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. बेंगळुरूत एका बँकेत अधिकारी आहे. त्याआधी पंधरा वर्षं त्याच बँकेच्या महिला बास्केटबॉल संघात खेळले. आमच्या काळात व्यावसायिक खेळाडू म्हणजे असंच असायचं: सकाळी मस्टरवर सही करायची, दुपारपर्यंत काउंटर सांभाळायचा आणि दोननंतर मैदान. वर्षातले चार महिने सामन्यांसाठी गावोगाव. आता रोज पहाटे मल्लेश्वरमच्या मैदानावर मुलींना शिकवते. म्हणजे शिकवत होते, आणि आता पुन्हा शिकवायला लागले आहे, खुर्चीत बसून.

मला झालेल्या आजाराचं नाव गियाँ-बारे सिंड्रोम. सगळे त्याला जीबीएस म्हणतात. मी आजारी असताना माझी मुलगी मुग्धा मला वाचून दाखवायला मराठीत काहीतरी शोधत होती. जे सापडलं ते एक तर औषधांच्या यादीसारखं होतं, नाही तर ऐकूनच धडकी भरावी असं. म्हणून हे लिहिते आहे. औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी फक्त माझं काय झालं आणि माझं काय चुकलं तेवढं सांगते.

टेप

आधी पोट बिघडलं होतं. ते बरं झालं आणि आठवडाभरानं तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मैदानावरच्या माझ्या पिशवीत पांढऱ्या टेपची गुंडाळी कायम असते. खेळाडूचा टेपवर जेवढा विश्वास असतो तेवढा देवावरही नसतो. घोटा मुरगळला, टेप. बोट निखळलं, टेप. मी दोन्ही घोटे छान बांधले आणि बँकेत गेले.

दुसऱ्या दिवशी मुंग्या पोटऱ्यांपर्यंत आल्या. मला वाटलं, टेप घट्ट झाली असणार. हसू नका, मला अगदी मनापासून तसं वाटलं. सोडून पुन्हा सैल बांधली, आणि मग रोज रात्री वर एक थर चढवत गेले. तिसऱ्या दिवशी मेट्रोच्या जिन्यात पाय अडखळला. मग मी गुडघ्याला दोष दिला. माझ्या डाव्या गुडघ्याचं एकोणतिसाव्या वर्षी ऑपरेशन झालंय आणि तेव्हापासून घरात काहीही झालं तरी मी त्याच्यावरच ढकलते. चौथ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, पण तिथंही ताकाला जाऊन भांडं लपवलं. मुंग्यांचं बोललेच नाही, नुसता गुडघा दाखवला. त्यांनी गुडघ्याच्या गोळ्या दिल्या.

पाचव्या दिवशी सकाळी मला बाथरूममधून उठताच येईना.

"अहो," मी हाक मारली.

माझे पती विनायक मूळचे साताऱ्याचे, एका सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. उंची पाच फूट पाच. लग्नात आमचा फोटो काढणाऱ्यानं त्यांना पाटावर उभं केलं होतं. त्यांनी माझ्या काखेत हात घालून जोर लावला आणि आम्ही दोघंही ओल्या फरशीवर बसलो.

"शैला, किती दिवस चाललंय हे?"

"आजच."

त्यांनी माझ्या घोट्यांकडे पाहिलं. टेपवर टेप, असे चार थर होते. आणि मुग्धाला फोन लावला.

मी का लपवलं

मी खानापूरची. आईला माझ्या उंचीची धास्ती होती, "हिला नवरा कुठून आणायचा?" हे वाक्य ऐकतच मी वाढले. शाळेच्या मास्तरांनी मला एकदा स्टुलाशिवाय वर्गातल्या पंख्यावरची जळमटं काढताना पाहिलं आणि माझ्या हातात चेंडू दिला. तिथून जिल्हा, मग राज्याचं शिबिर, आणि एकोणिसाव्या वर्षी बेंगळुरूची बँक.

संघात माझ्याच जागी खेळणारी पुष्पाक्का होती. बेळगावची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचं काम बास्केटखाली उभं राहून परत आलेला चेंडू झेपावून घेण्याचं. बुटाची नाडी कशी बांधायची इथपासून राजाजीनगरची बस कुठून सुटते इथपर्यंत सगळं मला तिनंच शिकवलं.

बास्केटबॉलमध्ये एक पद्धत आहे. धावता धावता खेळाडूचा दम संपला आणि तिला बाहेर यायचं असलं, तर ती प्रशिक्षकांकडे बघून मूठ वर करते. प्रशिक्षक दुसरीला आत पाठवतात. बाहेर येणारी आणि आत जाणारी एकमेकींच्या हातावर टाळी देतात. बस्स, एवढंच.

माझ्या दुसऱ्या वर्षी, एका उपांत्य सामन्यात, पुष्पाक्कानं मूठ वर केली. आमच्या प्रशिक्षक सरांनी मला आत पाठवलं. मी अंगात आल्यासारखी खेळले आणि आम्ही जिंकलो. पुढच्या सामन्याला सरांनी मैदानात उतरणाऱ्या पहिल्या पाचांत मलाच घेतलं. पुष्पाक्काला ती जागा पुन्हा कधी मिळाली नाही. दोन वर्षांनी तिनं खेळ सोडला.

यावर कोणी काही बोललं नाही. मी मात्र धडा घेतला: मूठ वर करायची नाही. पंधरा वर्षांत एकदाही केली नाही. तापात खेळले, मोडक्या बोटानं खेळले, गुडघ्यातला लिगामेंट तुटल्यावरही सामना संपेपर्यंत खेळले, म्हणून तर ऑपरेशनची वेळ आली. लोक "लोखंडी बाई" म्हणायचे आणि मला ते आवडायचं. घरीही तीच तऱ्हा. मुग्धाच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मी आधी भांडी घासली आणि मग यांना सांगितलं.

हातोडी

मेंदूविकाराच्या डॉक्टर मुग्धापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी कात्रीनं माझी टेप कापली.

"कोणी बांधलं हे?"

"मीच."

"सुंदर बांधलंय," त्या म्हणाल्या आणि गुडघ्याखाली छोटी रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही. मी त्या गुडघ्यांकडे पाहत राहिले. तीस वर्षं ज्यांच्या जोरावर मी उड्या मारल्या ते शेजारच्या बाईचे असावेत तसे पडून होते. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

"खरं सांगा मॅडम, कधीपासून?"

"दोन दिवस."

"चार," मागून विनायक म्हणाले. थर मोजले होते त्यांनी.

"पाच," मी म्हणाले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. पोटाच्या दुखण्याशी लढताना शरीराची फौज चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे आपल्याच टीमनं आपल्याच बास्केटमध्ये बॉल टाकायला सुरुवात केली," मी म्हणाले. त्या हसल्या. मग मी विचारलं, "मी चालेन ना?"

"बहुतेक लोक चालतात. किती दिवसांनी ते मी सांगू शकत नाही."

त्यातला "बहुतेक" हा शब्द पुढे किती तरी दिवस माझ्या उशाशी होता.

एका श्वासात

आजार वर चढत छातीपर्यंत येतो का, यावर लक्ष ठेवायला एक साधी परीक्षा असते. एका श्वासात आकडे म्हणायचे. पहिल्या संध्याकाळी मी चौतीसपर्यंत गेले आणि मान ताठ करून सगळ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या सकाळी एकवीस. दुपारी चौदा. मग मी लबाडी सुरू केली, आकडे भराभर म्हणायला लागले. सिस्टरनं कपाळाला हात लावला. "मॅडम, स्वल्प निधान. हळू म्हणा. इथं पहिला नंबर नाही काढायचा."

हळू म्हटलं तर सातवरच श्वास संपला.

व्हेंटिलेटर लावायचं ठरलं. विनायक कॉटपाशी आले. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं असावं. ओठ दोनदा हलले. शेवटी म्हणाले, "मी खालीच आहे. इथला चहा बरा आहे." मी आजवर ऐकलेलं सगळ्यात प्रेमाचं वाक्य ते. तुमच्या माणसाला सांगायला मोठं काही सुचलं नाही तर घाबरू नका. चहाचं सांगा.

ते नऊ दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. एकदा पापणी मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. नाकाला खाज सुटायची आणि जगात कोणाला सांगता यायचं नाही. पण त्याच दिवसांत फरशी पुसणाऱ्या रत्नम्मांनी माझी लोंबणारी पावलं पाहिली. कोणी न सांगता त्या एक स्टूल घेऊन आल्या, त्यावर घडीचं ब्लँकेट ठेवलं आणि दोन्ही पावलं अलगद त्यावर टेकवली. त्यानंतर रोज सकाळी कामाला लागण्याआधी त्या ते स्टूल नीट आहे ना, एवढं पाहून जात. मी एकदा पापणी मिटायची. त्या म्हणायच्या, "सरी," म्हणजे ठीक.

कॉटच्या दोन बाजूंना

विनायकांनी पुठ्ठ्यावर तक्ता केला. कुशीवर कधी वळवायचं, डोळ्यांत थेंब कधी. मुग्धा व्हाइटफील्डला नोकरी करते. ट्रॅफिकमधून दोन-दोन तास काढून यायची.

"बाबा, यू नीड हेल्प. आपण एक अटेंडंट ठेवूया ना, प्लीज."

"कशाला? मी आहे ना."

"तुम्ही काल उभ्या उभ्या झोपला होतात! सिस्टरनं सांगितलं मला."

"डोळे मिटले होते नुसते."

हे भांडण माझ्या अंगावरून चालू होतं, एक या बाजूला, दुसरं त्या बाजूला. मी जिवाच्या आकांतानं पापण्या मिटत होते, पण माझ्याकडे बघतंय कोण! रुग्णाला नळ्या लावल्या म्हणजे त्याचे कान बंद होत नाहीत, तेव्हा भांडायचं तर कॅन्टीनमध्ये भांडा. पण मला लागलं ते भांडण नव्हे. "मी आहे ना" म्हणताना त्यांचा आवाज हुबेहूब माझा होता. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांना माझी लागण झाली होती.

नखं

नळी काढल्यानंतर दोन दिवसांनी दारात पुष्पाक्का दिसली. आमचं बोलणं म्हणजे वर्षातून दोन सणांचे निरोप, एवढंच उरलं होतं. तिला मुग्धानं कळवलं होतं. ती आली, डबा ठेवला, आणि चादरीवर पडलेला माझा हात उचलून बघू लागली.

"काय गं ही नखं! सर बघते तर बाहेरच बसवते की."

आमच्या खेळात नखं वाढवायची नाहीत. दुसरीला ओरखडा येऊ नये म्हणून सामन्याआधी सर एकेकीचे हात पालथे करून बघायचे. पुष्पाक्कानं पर्समधून नेलकटर काढलं आणि स्टूल ओढून बसली. माझी बोटं हलत नव्हती. ती एकेक बोट धरून कापत होती. माझा घसा नुकता मोकळा झाला होता. तीस वर्षं साठलेलं वाक्य तेव्हा बाहेर पडलं.

"अक्का, तुझी जागा मी घेतली."

"कसली जागा?"

"त्या सेमीफायनलला. तू मूठ वर केलीस, आणि मग तुला परत घेतलंच नाही."

तिचं कापणं थांबलं. "वाईट वाटलं की. दोन वर्षं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मूठ वर केली त्याचं कधी वाटलं नाही बघ. दम लागला होता, बाहेर आले, पाणी प्याले. तू आत गेलीस, आपण जिंकलो. परत घेतलं नाही ती सरांची चूक. मुठीची काय चूक हाय त्यात?" मग तिनं अंगठा धरला. "आणि तू एवढी वर्षं सरांच्या चुकीवरनं शिकलीस होय गं? वेडीच हायस."

मी रडले. नाक पुसायलाही हात उचलत नव्हता, तेही तिनंच पुसलं.

त्यानंतर ती रोज दुपारी येऊ लागली. विनायकांना ती सरळ खांद्याला धरून बाहेर पाठवायची. "जावा भाऊजी, जेवून या." तिच्यापुढे त्यांचं काही चालायचं नाही.

मूठ

म्हणतात ना, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. माझी मुंगी तर वाटेत थांबून विश्रांतीही घ्यायची. फिजिओथेरपिस्ट नागवेणी हुबळीची. तिनं पहिल्यांदा माझ्या तळहातावर स्पंजचा लिंबाएवढा चेंडू ठेवला. एका पंजानं बास्केटबॉल उचलणारी मी, मला तो दाबता येत नव्हता.

हळूहळू बोटं आली, मग मांड्या. दोन समांतर दांड्यांच्या मध्ये खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. नागवेणी म्हणायची, "इन्नोंदु सल? आणखी एकदा?" आणि मी मान हलवायची. ती आठ म्हणाली की मी बारा करायची. सुंभ जळला तरी पीळ जातो होय? या आजारात नसांना दमवून चालत नाही, हे तिनं मला दहादा सांगितलं होतं. शेवटी एकदा मी पंधरा केले आणि पुढचे तीन दिवस मला चमचाही उचलेना. नागवेणी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "तुम्हाला चालायचंय की मला हरवायचंय?"

चौथ्या दिवशी पुन्हा दांड्यांमध्ये उभी राहिले. समोर भिंतीशी पुष्पाक्का बसली होती, पाय पसरून, राखीव खेळाडू बसतात तशी. सहाव्यांदा उठले तेव्हा मांड्या थरथरत होत्या.

"इन्नोंदु सल?" नागवेणीनं विचारलं.

मी पुष्पाक्काकडे पाहिलं. डाव्या हातानं दांडी घट्ट धरली आणि उजवा हात उचलला. चार बोटं मिटली. अंगठा पूर्ण आत येईना, पण मूठ झाली. कानापर्यंत वर गेली.

नागवेणीला वाटलं, मी हात उचलून दाखवतेय. ती टाळ्या वाजवू लागली. पुष्पाक्का उठून व्हीलचेअर ढकलत आली. "अगं, टाळ्या कसल्या वाजवायलीस? बदली मागायल्या ती."

मी चेअरमध्ये बसले. मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटलं ते भलतंच, खांद्यावरची पाण्याची कळशी कोणी उतरवून घ्यावी तसं हलकं. मला संघातून कोणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सहा वेळा उठले.

संध्याकाळी विनायकांनी विचारलं, ही मुठीची काय भानगड आहे? पुष्पाक्कानं त्यांना खोलीत इकडून तिकडे धावून, मूठ वर करून, टाळी देऊन सगळं दाखवलं. त्यांनी इंजिनिअरसारखं लक्ष देऊन ऐकलं.

घर

अडीच महिन्यांनी घरी आले. पुठ्ठ्याचा तक्ता आता फ्रिजवर लागला होता. स्वयंपाक, माझी अंघोळ, व्यायाम, औषधं, सगळं विनायकांकडे. वॉकर घेऊन मी चालायची ती त्यांचा हात पाठीशी असताना, चार-पाच पावलं. मुग्धानं दोन वेळा मदतीला बाई पाठवली, दोन्ही वेळा त्यांनी गोड बोलून परत पाठवली. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. गोळीचं पाकीट त्यांनी डाळीच्या डब्यामागे ठेवलं होतं. पुष्पाक्का घरीही येत असे, ते तिला सापडलं आणि तिच्याकडून मला कळलं.

एका सकाळी माझ्या हातून चहाचा कप निसटला.

"एक कप धड धरता येत नाही!" ते ओरडले.

पंचवीस वर्षांत ते माझ्यावर ओरडले नव्हते. मग खाली बसून ते तुकडे वेचू लागले आणि त्यांची मान वर होईना.

"अहो, तुम्ही दमलात," मी म्हणाले.

"मी कुठं दमलोय?"

मला त्यांचा राग आला नाही. मला माझाच राग आला. या घरात कोणी दमत नाही, हा नियम माझा होता. बाथरूमच्या फरशीवर बसून "आजच" म्हणणारी बाई मीच. मी त्यांना एवढंच म्हणाले, "मी आता मूठ वर करते. तुम्हीही करा की." त्यांनी तुकडे कागदात बांधले आणि बाहेर नेऊन टाकले.

त्यानंतर आठ-दहा दिवस गेले असतील. सकाळची वेळ होती. मी जेवणाच्या टेबलाशी, शेजारी वॉकर. विनायक ओट्याशी पोळ्या लाटत होते, एका शेगडीवर तवा, दुसरीवर दूध. लाटण्याचा आवाज थांबला. मी मान वर केली. ते माझ्याकडे पाठ करून उभे होते, डावा हात ओट्यावर टेकलेला. तव्याची शेगडी त्यांनी बंद केली आणि उजवा हात वर गेला. मला वाटलं, फळीवरचं काहीतरी काढतायत. फळीवर त्यांचा हात पोचत नाही, तिथलं सगळं नेहमी मीच काढायची. मग दिसलं की बोटं मिटलेली आहेत. पिठानं माखलेली मूठ होती ती.

मी वॉकर ओढला आणि उठले. पाठीशी हात नव्हता. टेबलापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं आहेत, मी ती अंथरुणात पडून कितीदा तरी मोजली होती. पाचव्या पावलाला गुडघे लटपटले. मी थांबले, श्वास घेतला, पुन्हा निघाले. ते वळले, मला येताना पाहिलं, पण धरायला पुढे आले नाहीत. मूठ तशीच वर होती. ती खाली घ्यायची असते हे पुष्पाक्का त्यांना सांगायला विसरली असावी.

अकराव्या पावलाला मी वॉकरवरचा एक हात सोडला आणि पुढे केला. त्यांनी मूठ उघडली आणि माझ्या तळहातावर हलकेच टाळी दिली. पीठ माझ्या हाताला लागलं.

"जा, बसा," मी म्हणाले.

ते बाहेर गेले, मी आत आले. दूध थोडं उतू गेलं होतं. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. मागे माझी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.